घटीचे चित्र, बिनघटीची पेटी

चित्रांविषयी लिहिणाऱ्याने चित्रे बाजूला ठेवून ती ज्या फाइलींत साठवतात त्या फाइलींविषयी लिहावे, हे काही रसिकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. नाटकाचे परीक्षण लिहायला बसावे आणि नाट्यगृहाच्या खुर्च्यांविषयीच बोलत राहावे, तसे ते त्यांना वाटेल. परंतु खुर्ची नाटकातले एकही वाक्य खात नाही. फाइल मात्र चित्राचा काही भाग खाऊ शकते. संग्रहालयातली तैलचित्रे असोत, दूरदेशीच्या युद्धाची छायाचित्रे असोत, की मावशीने पाठवलेला फराळाच्या ताटाचा फोटो असो, आज आपण जे पाहतो त्यातले बहुतेक सगळे फाइल होऊनच आपल्या डोळ्यांपर्यंत येते. तेव्हा वाटेत काय गेले आणि काय उरले, हा प्रश्न मला तरी चित्रसमीक्षेच्या अंगणाबाहेरचा वाटत नाही.

या चार दिवसांत तर त्याचा पुरावा घरोघर मिळतो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फोन उघडावा, तो पणत्यांचे आणि आकाशकंदिलाचे एकच शुभेच्छाचित्र पाचसहा ठिकाणांहून येऊन पडलेले असते. जरा न्याहाळून पाहिले, तर 'शुभ दीपावली' या अक्षरांच्या कडेने धुरकट कणांची रांग दिसते, आणि कंदिलामागच्या निळ्या आकाशात लहान लहान चौकोन उमटलेले असतात. ज्या कोणी ते चित्र प्रथम केले त्याने ते स्वच्छच केले असणार. मग दुसऱ्याने त्याखाली आपल्या दुकानाचे नाव घालून ते पुन्हा साठवले, तिसऱ्याने कडा कापल्या, चौथ्याने पडद्यावर दिसत होते तसेच टिपून घेतले. सगळ्यांच्या मनात शुभेच्छाच होत्या. पण दर हाताला चित्राचे थोडेसे काही गळत गेले.

चित्र साठवण्याच्या दोन तऱ्हांना इंग्रजीत 'लॉसी' आणि 'लॉसलेस' म्हणतात. मराठीत मी त्यांच्यासाठी सोनाराचा शब्द उसना घेतो. जुना दागिना मोडून नवा घडवताना सोनार 'घट' धरतो. आटणीत आणि कानशीत जे सोने जाते, ते. जी पद्धत चित्राची फाइल लहान करताना त्यातले काही कायमचे घालवते ती घटीची, आणि जी लहान करूनही मागाल तेव्हा चित्र कण न कण परत देते ती बिनघटीची. छायाचित्रांसाठी सर्रास वापरली जाते ती जेपेग घटीची, पीएनजी बिनघटीची. हे एकदा ध्यानात आले की पुढचे सगळे घरगुती शहाणपणाने कळते. मोडून घडवलेली पाटली बँकेच्या तिजोरीत ठेवली, म्हणून गेलेली घट तीत परत येत नाही.

आधी बिनघटीच्या पद्धतीविषयी. पूर्वी पुष्कळ घरांत बायकांची रांगोळीची वही असे. त्या वहीत प्रत्येक रांगोळी काही पुरी काढलेली नसे. कोपऱ्यात 'पंधरा ते एक' असा ठिपक्यांचा हिशेब आणि एकच पाकळी काढलेली. बाकीच्या पाकळ्या तशाच, हे जाणतीला सांगावे लागत नसे. वहीतली जागा वाचली आणि उंबऱ्यासमोर रांगोळी पुरी उमटली. पीएनजी असेच करते. प्रत्येक ठिपक्याचा रंग मुळापासून लिहीत न बसता, डावीकडच्या आणि वरच्या ठिपक्यांवरून तो काय असावा याचा ती अंदाज बांधते, आणि अंदाज व वस्तुस्थिती यांतला फरक तेवढा नोंदते. आकाश सपाट निळे असेल तर फरक शून्य, पुन्हा शून्य, पुन्हा शून्य. आणि 'मघाचेच इतके वेळा' एवढे म्हटले की ती सगळी रांग दोन शब्दांत मावते. उलगडताना एकही ठिपका हरवत नाही. या पद्धतीचा जन्म मात्र भांडणातून झाला. १९८७ साली आलेल्या जीआयएफ या जुन्या पद्धतीच्या पोटातली युक्ती पेटंटखाली होती, आणि १९९४च्या अखेरीस तिच्यासाठी पैसे मोजावे लागतील असे जाहीर झाले. त्या रागातून १९९५च्या आरंभी टॉमस बाउटेल आणि इतर काही जणांनी जाळ्यावरच्या चर्चेतून नवी पद्धत बेतली. १९९६ साली ती सिद्ध झाली. राग इतका फलदायी झाल्याची उदाहरणे आपल्या वाङ्मयीन वादांत थोडी सापडतील.

जेपेगची रीत निराळी, आणि टीकाकाराला अधिक विचार करायला लावणारी. १९९२ साली प्रमाण म्हणून मान्यता पावलेली ही पद्धत मुळात डोळ्याविषयीच्या एका मतावर उभी आहे. मत असे की, माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचे बारकावे जितके कळतात तितके रंगाचे कळत नाहीत. आणि ढोबळ छटा जितक्या कळतात तितकी बारीक कुरकुर कळत नाही. म्हणून ती चित्रातला उजेड आणि रंग वेगळे करते आणि रंगाचे तपशील बहुधा तिथेच कमी करून टाकते. मग चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातल्या चौसष्ट ठिपक्यांचे रूपांतर ती चौसष्ट लाटांत करते: एक सपाट, काही संथ, काही अगदी बारीक थरथरीच्या. या रूपांतरात तत्त्वतः काहीही जात नाही. जाते ते पुढच्या पायरीला, आणि तिथला हिशेब वाण्याच्या दुकानातला आहे. एका लाटेचे माप समजा ३७ आहे आणि तिच्यासाठी भाजक १० ठरला आहे, तर ३.७ न लिहिता ती ४ लिहिते. परत उलगडताना चारदाहे चाळीस. ३७ गेले, ४० आले. शेजारच्या बारीक लाटेचे माप फक्त ४ असेल, तर ०.४ म्हणजे शून्य, आणि शून्याचे परत शून्यच. पानाची सळसळ, साडीचा पोत, गालावरची लव, या सगळ्या अशा चाराच्या लाटा असतात. त्या फेडल्या जात नाहीत, माफ होतात.

लाटांच्या या गणिताचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. १९४० साली बंगळूरला जन्मलेले नासीर अहमद यांना ते १९७२च्या सुमारास अमेरिकेत सुचले. त्यांनी संशोधनासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. एका परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जगात काढल्या जाणाऱ्या बहुतेक फोटोंना त्या 'फारच साध्या' कल्पनेचा किंवा तिच्या वंशजांचा हात लागतो. परीक्षकाच्या जातीत मीही मोडतो, म्हणून ही हकिकत मी अधूनमधून स्वतःला सांगत असतो.

आता गेलेले परत येते का, या मुख्य प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर मला आपल्या मराठीतच सापडते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले आणि उच्चारात ऐकू न येणारे अनुस्वार लिहिण्यातून गेले. जेपेगचाच न्याय: इंद्रियाला जे जाणवत नाही ते कशाला वाहायचे? यांतले कितीतरी अनुस्वार व्याकरण जाणणारा माणूस आजही मागे आणू शकेल. 'घरी' दिसले की 'घरीं', 'केले' दिसले की 'केलें', हे तो नियमाने सांगेल. म्हणजे ती घट खरी घटच नव्हे, ती रांगोळीच्या वहीतली न काढलेली पाकळी. पण 'नांव' आणि 'नाव' यांचे काय? पूर्वी टिंब असलेले माणसाचे आणि बिनटिंबाची ती पाण्यातली होती. आता दोन्ही सारखीच. शेजारी क्रियापद असले तर लिंगावरून उलगडा होतो. परंतु मुलाला लिहिलेल्या पत्रात 'नाव बुडवू नकोस' एवढेच शब्द असतील, तर बाप कोळी आहे की अब्रूला जपणारा कारकून, हे कोणत्याही व्याकरणाने सांगता येणार नाही. ते टिंब गेले. आणि हे पत्र तुम्ही भरपूर अनुस्वारांचे खिळे असलेल्या जुन्या छापखान्यात नेऊन छापलेत, तरी खिळा कुठे बसवायचा हे छापखान्याला ठाऊक नसणार.

जेपेगची पीएनजी करणे म्हणजे नेमके त्या छापखान्यात जाणे. नव्या पेटीत सगळे ठेवायला जागा आहे. ठेवायचे काय ते मात्र आधीच गेलेले आहे. उलट एक मजा होते. जेपेगने पाडलेले चौकोन, अक्षरांभोवतीचे धुरकट कण, हे सगळे पीएनजीच्या दृष्टीने चित्रच. ती ते डोळ्यांत तेल घालून जपते, आणि त्या कुरकुरीचा अंदाज बांधणे अवघड असल्यामुळे फाइल कितीतरी पट फुगते. माणसे ती फुगलेली फाइल पाहून समाधान पावतात: एवढी जड आहे, म्हणजे चांगली असणार! आपल्याकडे पुस्तकांच्या बाबतीतही हा समज आहेच.

दुसऱ्या बाजूची भीतीही थोडी कमी केली पाहिजे. जेपेग नुसती उघडून पाहिल्याने झिजत नाही, आणि फाइलीची जशीच्या तशी नक्कल केल्याने काही जात नाही. घट पडते ती पुन्हा घडवताना. त्यातही तेच चौकोन, तेच भाजक राहिले तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फारसे बिघडत नाही; ४०ला १०ने भागले की चोख ४ येतात. कड कापली, आकार बदलला की चौकोनांच्या रेघा सरकतात, आणि मग जुन्या घटीवर नवी घट बसते. फोनवरच्या निरोपांत चित्र 'फोटो' म्हणून पाठवले तर ते बहुधा वाटेत पुन्हा घडवले जाते. तेच 'कागदपत्र' म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोचते. घरातल्या लग्नाचे फोटो मागवताना एवढे सांगितले तरी पुष्कळ काही वाचेल. आणि 'बिनघटीचे' या शब्दालाही भुलू नये. जीआयएफची पेटी बिनघटीची आहे, पण तिच्या एका चित्रात सर्वसाधारणपणे २५६च रंग मावतात. छायाचित्र तीत कोंबायचे तर दाराशीच बाकीचे रंग काढून ठेवावे लागतात. फार कशाला, बहुतेक कॅमेऱ्यांतला प्रत्येक ठिपका मुळात लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून भरून काढलेले असतात. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो, त्यातही अंदाजाचा वाटा मोठा आहे. 'बिनघटीचे' हे वचन पुढच्या काळापुरते असते. मागे काय झाले याची ग्वाही ते देत नाही.

हा भेद ज्या एका चित्रकाराने आपल्या कलेचा विषय केला त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे. टॉमस रुफ हा १९५८ साली जन्मलेला जर्मन छायाचित्रकार, ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत बेर्न्ट बेशर यांचा शिष्य. बेशर पतिपत्नींनी पाण्याच्या टाक्या, कारखान्यांचे मनोरे आणि भट्ट्या यांची मोठ्या कॅमेऱ्याने अशी छायाचित्रे घेतली की एकेक रिव्हेट मोजून घ्यावा. रुफने स्वतःही १९८०च्या दशकात आपल्या ओळखीच्या माणसांचे चेहरे पासपोर्टच्या फोटोसारखे निर्विकार घेऊन भिंतीवर प्रचंड आकारात लावले होते. त्यांत त्वचेचे एकेक छिद्र दिसते. अशा तपशिलाच्या घराण्यातला माणूस तपशील गेलेल्या चित्रांकडे वळला, तो ११ सप्टेंबर २००१च्या निमित्ताने. त्या दिवशी तो न्यूयॉर्कमध्येच होता. त्याने छायाचित्रे घेतली, पण फिल्म धुतली तेव्हा तिच्यावर काहीच नव्हते, असे तो सांगतो. मग त्याने जाळ्यावरून त्या दिवसाची चित्रे उतरवून घेतली. ती लहान, दाबलेली, चौकोन पडलेली. रुफने ती दुरुस्त केली नाहीत. त्याने त्यांची घट आणखी वाढवली आणि मग ती भिंतीएवढी मोठी करून अतिशय काळजीपूर्वक छापली. 'जेपेग्ज' या मालिकेतली ही चित्रे २००९ साली पुस्तकरूपाने आली.

२००४चे 'जेपेग एनवाय ०२' हे त्यातले चित्र. धुराचा लोट इमारतींच्या रांगेवर फुटतो आहे. पुस्तक हातभर दूर धरले की ते वर्तमानपत्रात शंभरदा पाहिलेले छायाचित्र असते. जवळ आणावे तसा धूर विरत नाही, उलट त्याच्या फरशा होतात: करड्या, निळसर, फिक्या तपकिरी. ज्या गोष्टीला कडा नसतात तिला इथे सगळ्या कडाच. इथे मला रुफचे मोठेपण दिसते. कोसळत्या इमारती आणि कोसळते चित्र यांची गाठ त्याने अशी घातली आहे की एकाकडे पाहताना दुसऱ्याचा विसर पडत नाही. त्या दिवशी जगातल्या कोट्यवधी लोकांनी जे पाहिले ते असेच, दाबून लहान केलेले, पाहिले. ते स्वच्छ करून दाखवणे म्हणजे आपण तिथे प्रत्यक्ष उभे होतो असे सोंग आणणे झाले असते.

काही समीक्षक या चौकोनांना ठिपक्याठिपक्याने रंगवणाऱ्या सराची परंपरा जोडतात. मला ती सोयरीक जुळत नाही. सराचा प्रत्येक ठिपका कुठे ठेवायचा हे त्याच्या डोळ्याने ठरवलेले आहे. जेपेगचा चौकोन जिथे रेघ पडेल तिथे पडतो. आपल्याखाली माणसाचा डोळा आला की खिडकीची चौकट, याची त्याला दखल नसते. या बेदखलपणातच त्या चित्रांचा कठोरपणा आहे. म्हणूनच याच मालिकेतली रुफची झाडे, धबधबे आणि हिमनग मला उणे वाटतात. तिथे चौकोन नुसतेच देखणे होतात. हिरव्याच्या चाळीस छटांची ती चौकडी घोंगडी डोळ्यांना सुखवते आणि आपण पुढचे पान उलटतो. घटीला तिथे काही सांगायचे नसते. आपत्तीची चित्रे अशी भिंतभर, गुळगुळीत करून लावावी का, हाही आक्षेप मी ऐकला आहे. तो क्षुल्लक नाही. परंतु माझ्या मते रुफ तिथे सुटतो, कारण त्याची चित्रे जवळ जाणाऱ्याला काहीच देत नाहीत. दुःखाला आणखी जवळून पाहण्याची जी हाव आपल्यात असते, तिच्या तोंडावर तो फरशा मारतो.

रुफचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, २००९ मध्ये, हितो श्टायर्ल या चित्रपटकर्तीने 'गरीब' चित्रांची बाजू घेणारा एक निबंध लिहिला आणि तो फार गाजला. पुनःपुन्हा उतरवलेली, दाबलेली, फाटकी चित्रे ही चित्रांच्या जगातली खालची जात. पण तीच हिंडतात, तीच हातोहात जातात, आणि श्रीमंत चित्रपटगृहांनी टाकून दिलेल्या कृती त्यांच्यामुळेच जिवंत राहतात, असा तिचा मुद्दा. हे मला पुष्कळ अंशी पटते. ज्या चित्रपटाची चांगली प्रत कुठेच पाहायला मिळत नाही, त्याची अंधूक प्रत पाहून माणसे त्याच्या प्रेमात पडतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. मात्र हिंडणाऱ्या प्रतींचे कौतुक करताना एक प्रत घरी बसलेली असावी लागते, याकडे तिचे चाहते काणाडोळा करतात.

आणि तरीही, घट दिसते तोवर मला तिची फारशी भीती नाही. जेपेगचा चौकोन हा निदान प्रामाणिक डाग आहे. इथे काही होते, ते आता नाही, असे तो उघड सांगतो. भीती वाटते ती न दिसणाऱ्या घटीची. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आणली. एका घराचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर टिपला, तेव्हा तीन खोल्यांची वेगवेगळी क्षेत्रफळे नकलेत एकच झाली, १४.१३, २१.११ आणि १७.४२ असे असताना तिन्ही ठिकाणी १४.१३. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र कागदावरचे एकमेकांसारखे दिसणारे तुकडे शोधी आणि एकाच्याच प्रतिमेने बाकीच्यांची जागा भरी. कुठे ६ चा ८ होई. अंक धूसर झाले असते तर कोणीही मूळ कागद मागितला असता. ते झाले होते ठळक, रेखीव आणि खोटे. आपल्या लिपीत तर घ आणि ध, भ आणि म, व आणि ब एकमेकांशेजारी राहतात. त्यांच्यावर अशी युक्ती चालवली तर 'धन' आणि 'घन' यांत भेद करायला कोण बसणार?

आताची नवी यंत्रे याच वाटेने पुढे गेली आहेत. घटलेल्या चित्रात गेलेले 'परत आणून' देतो, असे ती सांगतात. परत आणता येत नाही हे आपण पाहिलेच. तेव्हा ती रचतात. हजारो चेहरे पाहून शिकलेले यंत्र, इथे साधारणपणे काय असते ते भरते. २०२० साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या अशा एका यंत्राला कोणी तरी बराक ओबामांचा अंधूक केलेला फोटो दिला, तर त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला. जगभर त्यावर हसू आणि संताप दोन्ही उसळले. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सांगितलेच होते की, दाबले तर असेच दिसेल असा कोणताही एक चेहरा शोध. ओबामांचा शोध, असे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगून उपयोगही नव्हता.

आमच्या नात्यातल्या एका घरी असा एक फोटो लावलेला आहे. घरातल्या आजी जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा एकटीचा फोटो नव्हता. एका मुंजीच्या समूहचित्रात मागच्या रांगेत त्या उभ्या होत्या, आणि त्याचीही कोणी तरी फोनवर पाठवलेली प्रत तेवढी हाती होती. नातवाने एका ॲपमधून चेहरा मोठा व स्पष्ट करून घेतला. डोळ्यांत चमक आहे, पापण्या मोजता येतात, नाकाची शेंडी रेखीव आहे. आजींच्या धाकट्या जाऊबाईंनी तो पाहिला आणि हळूच मला विचारले, "ह्या कोण?" नातवाच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. आणि ही हौस नवीही नाही. जुन्या स्टुडिओंत समूहचित्रातला एक चेहरा उचलून मोठा करीत, त्यावर हाताने रंग चढवीत, बुबुळे काळी करीत, कधी अंगावर नसलेली शालही पांघरवीत. पण तिथे कुंचला दिसे. शाल रंगवलेली आहे हे पोरालाही कळे, आणि बुबुळे काळी करणारा कारागीर आपण कारागीर असल्याचे लपवीत नसे. या नव्या चेहऱ्यात कुठेही हात दिसत नाही. पुढच्या पिढीला आजी म्हणून हाच चेहरा आठवेल, आणि तो पीएनजीत, बिनघटीचा, जसाच्या तसा जपला जाईल. मला विचाराल तर मुंजीच्या फोटोतला तो चौकोनी, अंधूक, पदर सावरणारा चेहरा मोठा करून लावावा. त्यात आजी थोड्या आहेत. पण ज्या आहेत त्या आजीच आहेत.

याच कारणाने मी जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅनविषयी जरा कडवटपणे बोलतो, असे मित्र म्हणतात. दीनानाथ दलालांची 'दीपावली'ची मुखपृष्ठे ज्यांनी हातात धरून पाहिली आहेत, त्यांना ठाऊक असेल की त्या रंगांची जादू छपाईच्या बारीक ठिपक्यांत आहे. तसल्या छपाईवर जेपेगचे चौकोन बसवले की ठिपके आणि चौकोन यांची मारामारी सुरू होते. आतल्या काळ्या रेखाचित्रांचे तर विचारूच नका. स्वच्छ रेघ ही जेपेगला सर्वांत जड जाणारी गोष्ट. रेघेच्या दोन्ही बाजूंना ती चिलटे बसवते. अशा पानांची पहिली प्रत बिनघटीचीच घ्यावी आणि तिच्यातून वाटायला हव्या तितक्या जेपेग काढाव्या. साठवणीची जागा आता इतकी महाग राहिलेली नाही. जिथे जुन्या जेपेगच फक्त उरल्या आहेत तिथे त्या तशाच ठेवाव्या. जागा वाचवायचीच असेल तर जेपेग एक्सएल नावाची नवी पेटी जुनी जेपेग सुमारे एक-पंचमांश लहान करून ठेवते, आणि मागाल तेव्हा तीच फाइल डागांसकट परत देते. ती काही सुधारत नाही, हाच तिचा गुण.

मागच्या वर्षी एका वाचनालयाने मला अशाच एका जुन्या अंकाचे मुखपृष्ठ लेखासाठी पाठवले. पीएनजी फाइल, वजनाने भली थोरली, नाव 'ओरिजिनल'. मोठी करून पाहिली, तर मुखपृष्ठावरच्या बाईच्या हातातल्या तबकात निरांजन आहे की फूल ते ओळखू येईना. सगळीकडे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन. कोपऱ्यातल्या वाचनालयाच्या शिक्क्यातली तारीखही त्यांतच गेलेली. मी फोन करून मूळ अंक पाहायला मिळेल का, असे विचारले. पलीकडच्या गृहस्थांनी अगदी अदबीने सांगितले की, स्कॅनिंग पूर्ण झाल्यावर ते अंक रद्दीत दिले.